इतर अधिकार

सातबाऱ्यावर माझं नाव आहे, भोगवटादार वर्ग एक. पुरंदर तालुक्यात, दिवे घाट चढून सासवडकडं निघालं की वाटेत एके ठिकाणी आत वळावं लागतं, तिथं आमचं शेत. अंजिराची बाग, कडेनं सीताफळं, राहिलेल्या रानात हंगामाप्रमाणे बाजरी, वाटाणा, हरभरा. मास्तरकीतून निवृत्त झालो आणि पूर्णवेळ शेतात उतरलो. नोकरीत असताना नागरिकशास्त्र शिकवायचो. दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर करावा, उघड्यावर कचरा टाकू नये, मुक्या प्राण्यांवर दया करावी. हे ऐकून परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेणारी मुलं पुढं कुठं गेली याचा पत्ता लागत नव्हता. आता लागला. रविवारी ती माझ्या शेतात येतात. दया करायचे प्राणीही बरोबर आणतात आणि सोडून जातात.

गाव नमुना सातवर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. बोजा, विहिरीतला हिस्सा असलं काहीबाही तिथं लिहितात. माझ्या उताऱ्यावर त्या रकान्यात सोसायटीचं कर्ज आणि भावकीचा विहिरीतला हिस्सा, एवढ्या दोनच ओळी आहेत. तलाठ्यानं उद्या खरं लिहायचं मनावर घेतलं, तर पुरवण्या जोडाव्या लागतील.

पहिलं नाव बापूचं. बापू आमच्या भावकीतला, स्वभावानं सोन्यासारखा, आजारपणात रात्री-अपरात्री गाडी काढणारा. त्याच्या ट्रॅक्टरचा स्वभाव मात्र वेगळा आहे. दरसाल पेरणीच्या आधी तो बांधाचा एक तास घेऊन जातो. वडिलांच्या काळी ज्या बांधावरून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बाई ऐटीत चालत जायची, त्यावरून आता मुंग्यांनासुद्धा एकेरी वाहतूक करावी लागते. मोजणी आणली की सगळ्यांत आधी बापूच्या घरून चहा येतो. मोजणीवाले खुणा करून जातात, दगड रोवले जातात आणि पहिल्या पावसात ते दगड चालायला लागतात. चालतातही एकाच दिशेनं. भूगोलाच्या पुस्तकात हे नव्हतं. विचारलं तर बापू खाली बघत म्हणतो, “दादा, ट्रॅक्टरवाला परगावचा व्हता. त्याला काय म्हायती आपला बांध?” गेली कित्येक वर्षं आमच्या गावात स्वतःच्या गावचा ट्रॅक्टरवाला कुणाला मिळालेला नाही.

बांधाला लागून वाट. पूर्वी लोक ओढ्यावरून फिरून जायचे. मग कुणीतरी बागेतून गेलं, त्याच्या मागून दुसरं गेलं. माझे एक वकील विद्यार्थी आहेत (विद्यार्थी वकील झाला की त्याला अहोजाहो करावं लागतं). ते म्हणाले, “गुरुजी, १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. वीस वर्षं कुणी बिनतक्रार, बिनअडथळा वापरली तर वाट वहिवाटीची होते. अडवा.” अडवायला गेलो तर पारावर चर्चा, मास्तर पेन्शन लागल्यापासून लई बदलले. म्हणून मी अधूनमधून बाभळीचा एक काटेरी फाटा वाटेत आडवा टाकतो. लोक तो उचलून बाजूला ठेवतात आणि पुढं जातात. तक्रार माझी नोंदली जाते, वाट त्यांची चालू राहते, आणि दोघांचंही समाधान होतं.

आता रविवारवाले. दिवाळीनंतर घाटातून गाड्या वर चढायला लागतात. हुरडा, मिसळ, किल्ला आणि जमलं तर कुणाचं तरी शेत. झेंडू फुलला असेल त्या वर्षी तर लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफरसकट उतरतात. गेल्या हंगामात मी पाणी देत होतो. समोरून एक तरुण आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” मी माझ्याच रानात चार पावलं मागं सरलो. मग नवऱ्या मुलीला काय वाटलं कोण जाणे. तिनं मला पुन्हा बोलावलं, खोरं हातात धरून पाठमोरं उभं राहायला सांगितलं आणि म्हणाली, “असं काही तरी खरंखुरं हवं होतं.” तोवर पाणी दार फोडून बापूच्या रानात गेलं होतं. बापूनं काही तक्रार केली नाही.

त्याच वकिलांना विचारलं, हे अतिक्रमण नाही का? ते म्हणाले, आहे, पण फौजदारीत बसवायचं तर समोरच्याचा इरादा दाखवावा लागतो. गुन्हा करायचा, धाक दाखवायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा. पूर्वीच्या दंड संहितेतही तसंच होतं, नव्या न्याय संहितेतही तसंच आहे. आता त्या पोरीचा इरादा सूर्यास्ताचा होता. तो कुठल्या कलमात बसवणार?

चोरीचं म्हणाल, तर आमच्या आईचा कायदा सोपा होता. वाटसरूनं बांधावर बसून मूठभर घाटे सोलून खाल्ले तर ते पाखरांच्या वाट्यातले. ओच्यात बांधून नेले की चोरी. हा कायदा तिच्या हयातीत नीट चालला, कारण ओच्यात मावून मावणार किती? डिकीत बरंच मावतं. हरभऱ्याचे डहाळे मुळासकट उपटून, माती झटकून, जुड्या बांधून डिकीत ठेवणारं एक कुटुंब मी पाहिलं. आजोबा नातवाला सांगत होते, “बघ, आपल्याला सगळं हे शेतकरी देतात.” एवढा आदर ऐकल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

अंजिराची गोष्ट निराळी. अंजिराला देवानं राखणदार दिलेला आहे, तो म्हणजे चीक. कच्चं फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो कातडीला लागला की खाज सुटते आणि ओठाला लागला तर विचारूच नका. आम्ही तोडणी करतो तेव्हा हाताला तेल लावून करतो. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून ते चोरणाऱ्यालाही आपण काही तरी नामांकित चोरतोय असं समाधान मिळतं. एका ताईंनी झाडाचं हिरवंगार फळ तोडून तसंच चावलं. ओठ सुजले. त्या तरातरा माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, “काय फवारलंय तुम्ही यावर? लोकांच्या जिवाशी खेळता!” आमच्या हिनं त्यांना खोबरेल तेल दिलं, पाणी पाजलं, सावलीत बसवलं आणि जाताना पिकलेली अंजिरं बांधून दिली. ताईंनी मोठ्या मनानं आम्हाला माफ केलं.

पुतण्यानं यावर उपाय म्हणून रस्त्याच्या तोंडाला पाटी लावली, ‘बिबट्याचा वावर. आत जाऊ नये.’ दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या गाड्या सुरू झाल्या. आधी गर्दी रविवारी असायची, आता रोज. एक गृहस्थ लहान मुलांना घेऊन आले आणि मला विचारू लागले, “साधारण किती वाजता येतो?” पाटी काढली.

तालुक्यात विमानतळ होणार असं निघाल्यापासून आणखी एक जात वाढली आहे, पांढऱ्या गाडीतून येणारे एजंट. ते आत येत नाहीत, बांधावर उभं राहून हातवारे करतात. शेजारच्या रानात प्लॉटिंग आहे. परवा एक जण गिऱ्हाइकाला माझ्या बागेकडं बोट दाखवून सांगत होता, “समोर हा कायम ग्रीन व्ह्यू. ते म्हातारे विकत नाहीत, मी विचारून बघितलंय.” म्हणजे माझ्या अंजिरांचा भाव शेजारच्या गुंठ्यात लागतोय. बाजार समितीत मात्र हमाली जाऊन काय उरतं ते मला आणि आमच्या हिलाच ठाऊक.

रात्रीच्या पाळीची लाईट असली की वेगळी मंडळी भेटतात. मोटर चालू करायला विहिरीवर जावं, तर कठड्यावर मैफल बसलेली. अंधारातून आवाज येतो, “कोन हाय रं?” माझ्याच विहिरीवर मला! बॅटरी मारली की निम्मे उठून पाया पडतात, कारण निम्मे माझेच विद्यार्थी. एकानं पेला पाठीमागं धरून सांगितलं, “कोकम सरबत हाय, गुरुजी.” मी म्हटलं, बाळा, विज्ञानात तू काठावर पास झालास ते बरोबरच होतं. सकाळी बाटल्या मी गोळा करतो. एखादी फुटलेली राहते आणि कुणा बाईच्या पायात काच जाते. तिथं मात्र मला विनोद सुचत नाही.

मोराबद्दल थोडक्यात सांगतो. पेरलेला वाटाणा तो ओळीनं, शिस्तीत उकरून खातो. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे, त्यामुळं धोंडा मारायची सोय नाही. तो नाचायला लागला की राष्ट्रगीत चालू असल्यासारखा मी स्तब्ध उभा राहतो.

आता कुत्री. खरा विषय हाच आहे, बाकीचं सगळं प्रास्ताविक झालं.

गावच्या कुत्र्यांचं माझ्याशी भांडण नाही. त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत आणि बापूपेक्षा ती त्या जास्त पाळतात. प्रश्न घाट चढवून आणून सोडलेल्या कुत्र्यांचा. गाडी थांबते, दार उघडतं, कुत्रं खाली येतं, दार लागतं. फ्लॅट बदललेला असतो, मुलगा परदेशी गेलेला असतो, नाही तर पिल्लू मोठं झालेलं असतं. सोडणाऱ्याची कल्पना अशी की खेड्यात मोकळी हवा असते, शेतात काहीबाही खायला असतं आणि शेतकरी मनानं चांगले असतात. त्यातली पहिली गोष्ट खरी आहे. शेतात काहीबाही असतं ते म्हणजे बापूच्या कोंबड्या आणि आमची करडं. भुकेली कुत्री चार-पाच जमली की मोकळ्या हवेत काय करतात, ते सोडणाऱ्यानं एकदा पहाटे येऊन पाहावं.

मी ग्रामपंचायतीत गेलो. कोंडवाडा आहे, पण त्याला दार नाही आणि आत नळ योजनेचे पाइप ठेवलेत. शिवाय ज्या कायद्यावर कोंडवाडे चालायचे तो १८७१ चा, इंग्रजांनी केलेला. दुसऱ्याच्या रानात शिरणाऱ्या जनावरांची यादी त्यात फार कसोशीनं दिलेली आहे. हत्ती आहे, उंट आहे, म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, कोकरं, शेळ्या, करडं, सगळं आहे. कुत्रा नाही. पुरंदरात माझ्या वाटाण्यात उद्या हत्ती शिरला, तर माझी बाजू भक्कम आहे.

ग्रामसेवकांनी मग आजचा नियम वाचून दाखवला. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. मोकाट कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथंच परत आणून सोडायचा. नियम शहाणपणाचा आहे, जागा रिकामी ठेवली की तिथं दुसरी कुत्री येतात हे मलाही पटतं. पण कोथरूडच्या कुत्र्याला माझ्या बागेतून उचललं, तर त्याचा पत्ता कोथरूड धरायचा की गट नंबर? ग्रामसेवक म्हणाले, “गट नंबर.” मला सातबाऱ्यावर नाव लावायला वारसनोंदीचे हेलपाटे घालावे लागले होते. त्यानं एका रात्रीत काम केलं.

हा जो ‘तो’ आहे, तो लॅब्रॉडर. गळ्यात चांगला चामडी पट्टा. भाकरीचा वास घेऊन तोंड फिरवायचा. मोती म्हणून पाहिलं, राजा म्हणून पाहिलं, टिप्या म्हणून पाहिलं, ढिम्म. मराठी त्याला येत नसावी अशी शंका आल्यावर मी ‘सिट’ म्हणालो. तो बसला तो बसलाच, बाजरीच्या वाफ्यात. उठवायचा शब्द मला माहीत नव्हता. चारेक दिवसांत भूक लागली तशी भाकरी खायला लागला. आता भाकरीवर कालवण नसलं तर आमच्या हिच्याकडं बघत बसतो. राखण म्हणाल, तर शेतात शिरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला तो शेपूट हलवत विहिरीपर्यंत पोचवतो. त्याला वाटतं, आपलेच लोक न्यायला आलेत. भुंकतो फक्त माझ्या सासुरवाडीच्या माणसांवर. त्यावरून आमच्या घरात जे झालं ते इथं सांगत नाही.

ठिबकच्या नळ्या हा त्याचा छंद. खारी नळ्या कुरतडतात ते एक वेळ समजतं. हा मजा म्हणून चावतो, पाण्याची चिळकांडी उडाली की दोन पावलं मागं सरतो आणि शेजारची नळी धरतो. जोडण्या विकत आणून मी दुकानदाराचा संसार उभा केलाय.

२०२१ पासून पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यानंच मोबाइलवर करायची असते. रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. रेंज येईपर्यंत मी हात वर करून अर्धं रान फिरलो, एका जागी कांडी दिसली, घाईनं बटण दाबलं, फोटो गेला. नंतर पाहिलं तर हरभऱ्याच्या मधोमध साहेब बसलेले, जीभ बाहेर, नजर थेट कॅमेऱ्यात. जमिनीच्या भांडणात ताबा कुणाचा हे पाहायला वकील आधी पीक पाहणी काढतात. बापूला मी हा फोटो दाखवला. तो पहिल्यांदाच गंभीर झाला आणि म्हणाला, “दादा, ह्यो आपल्या दोघांच्या वरचा निघाला.”

तर पुण्याकडच्या मंडळींना विनंती एवढीच. अंजीर हवं असलं तर बांधावरून हाक मारा, पिकलेलं तोडून देतो. कच्च्याला हात लावू नका. घाटे बसून खा. फोटो काढा, पण पाण्याच्या पाळीला मला उभं करू नका. बाटल्या आणल्या तशा परत न्या. आणि कुत्रा सोडायलाच येणार असाल, तर आधी घरी चर्चा करा, एखादं कुटुंब शोधा, निवारा शोधा. तेही जमलं नाही आणि गाडीचं दार उघडायचंच ठरलं, तर पट्ट्याला दोन गोष्टी अडकवून ठेवा, लसीचं कार्ड आणि त्याचं नाव. आमच्याकडची नावं आता संपली आहेत.