लहरी फुकट, किल्ली वेगळी

अमेरिकेत छपरावर अँटेना लावला की एनबीसी, सीबीएस, फॉक्स या वाहिन्या फुकट दिसतात. एचडीहोमरनसारखा ट्यूनर त्या अँटेनाची वायर राउटरला जोडून देतो. मग माजघरापासून माडीपर्यंत एकच सामना. टचडाउनची आरोळी प्रत्येक खोलीतून थोडी मागेपुढे येते, एवढंच.

हेच काम भाड्याच्या इवल्या अँटेनांनी करणाऱ्या एरिओ कंपनीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अडवलं. अँटेना स्वतःचा हवा! आता तोही पुरेना. एटीएससी ३.० या नव्या मानकाच्या प्रक्षेपणाला अनेक टीव्ही केंद्रांनी डीआरएमचं डिजिटल कुलूप ठोकलंय. लहरी जनतेच्या, किल्ली मात्र कंपन्यांच्या कनवटीला. आणि आत जपलेला ऐवज? औषधांच्या जाहिराती, दुष्परिणामांच्या लांबलचक यादीसह.