नट आवळला तरी, सैल राहिला तरी

कळंबोलीला उभ्या असलेल्या नव्या ट्रकच्या चाकाच्या डिस्कला नटाच्या भोकापासून चीर गेली, की कंपनीचं निदान तयारच असतं: ओव्हरलोड. बिल्टीवर नऊ टन लिहिलेले असोत. टन बिल्टीवर थोडेच मोजतात, ते कंपनीच्या साहेबांच्या मनात मोजतात. सरकारने २०१८ साली चार टायरच्या सिंगल ॲक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टनांची मुभा दिली. वॉरंटी विभागात ही बातमी अजून वाटेतच आहे.

ओव्हरलोड सिद्ध होईना, तर खड्डा. खड्डाही सापडेना, तर नट. सैल असेल तर मालकाने आवळला नाही, घट्ट असेल तर नको इतका आवळला. मग साहेब नखाने चिरेतला गंज खरवडून बघतात आणि म्हणतात, "ही जुनी आहे." गाडी तीन महिन्यांची.

पुढे ग्राहक आयोग. तिथे कंपनीचा वकील उठतो आणि विचारतो, हा मनुष्य मुळात ग्राहक आहे का? २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतली असेल, तर आहे. एकच गाडी, स्टिअरिंगवर स्वतः, डोक्यावर हप्ते, हे त्यातल्या त्यात बरं. दुसरी गाडी घेतलीत, की वकिलाचे डोळे चमकलेच. चीर बाजूला राहते आणि मालक आपल्या गरिबीचे कागद जमवत बसतो.

नवी डिस्क? मिळते की. काउंटरवर, रोखीने. तिलाही वॉरंटी आहे.