पत्ता : डीपीच्या अलीकडं

प्रवासवर्णन लिहायचं म्हणून लोक हिमालयात जातात, युरोपात जातात, अगदीच जमलं नाही तर अष्टविनायक करून येतात. माझा सगळा प्रवास येवला तालुक्यात होतो. मोटारसायकलवर कुरिअर वाटणारा माणूस दिवसभरात जेवढं अंतर कापतो तेवढं सरळ रेषेत कापलं असतं तर मी आत्ता परदेशात असतो. पण सरळ रेषा आणि येवला यांचं फारसं जमत नाही.

सकाळी नाशिकहून गाडी येते. पार्सलांचा ढीग जमिनीवर ओततात, आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्यानं पाठीवर घ्यायचं. पाठीवरची बॅग एवढी फुगते की मागून बघणाऱ्याला बॅगच गाडी चालवतेय असं वाटावं. पेशवाईत टपाल नेणारे जासूद जोडीनं निघायचे. एक दमला तर दुसरा, एक अडकला तर दुसरा. आमच्या कंपनीनं जोडीतला एक कमी केला आणि त्याच्या जागी मोबाइल दिला. तो मोबाइल दर दहा मिनिटांनी विचारतो, "तुम्ही थांबला आहात का?"

थांबलेला असतो, कारण समोर विंचूर चौफुली असते. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा आणि मनमाडहून अहिल्यानगरला जाणारा, हे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात असं नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात ते एकमेकांना अडवतात. पानेवाडीच्या डेपोतून भरून आलेला इंधनाचा टँकर, कोपरगावच्या कारखान्याकडं निघालेला दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर, मार्केटला चाललेल्या कांद्याच्या पिकअप, शिर्डीला पायी निघालेली पालखी आणि तिचा डीजे, आणि या सगळ्यांच्या मधोमध पाठीवर कुणाचा तरी मिक्सर घेऊन मी. टँकरवाला हॉर्न देतो, ट्रॅक्टरवाल्याला गाण्यांमुळं तो ऐकू येत नाही, आणि दोघं मिळून माझ्याकडं रागानं बघतात.

चौफुली सुटली की गाव. तात्या टोपे या गावचे. 1858 साली इंग्रजांच्या पलटणी महिनोन्‌महिने त्यांच्या मागावर होत्या आणि ते नर्मदेच्या कधी अलीकडं, तर कधी पलीकडं. येवलेकराचा ठावठिकाणा लावताना साम्राज्याचीसुद्धा दमछाक झाली, हे इतिहासात नोंदलेलं असताना कंपनी माझ्यावर रोज का चिडते, ते मला कळत नाही. इंग्रजांपाशी तोफा होत्या. माझ्यापाशी 423401 हा पिनकोड आणि 'मारुती मंदिराजवळ' एवढाच मजकूर. मंदिर कुठलं, ते ज्याचं त्यानं श्रद्धेनं ठरवायचं.

जुन्या गावातल्या गल्ल्यांत गाडी आत शिरते, पण वळत नाही. पार्सल देऊन झालं की पायानं ढकलत उलटं बाहेर यायचं. जाताना एक घर चुकलं तर येताना ते पाठमोरं भेटतं. घराघरातून मागाचा आवाज येत असतो. पैठणीचा माग खड्ड्यावर असतो. विणणारा पाय खाली सोडून बसतो, त्यामुळं दारातून बघितलं तर अर्धा माणूस जमिनीत आणि अर्धा साडीत. त्याला हाक मारून उठवणं म्हणजे पाप. काठाची एकेक तार हातानं भरत असतो तो, आणि आपण म्हणायचं, "काका, ओटीपी सांगा."

अशाच एका घरी मी पैठणी पोचवली. हो, विणकराच्या घरी, कुरिअरनं. पाकिटावर 'मोर डिझाइन पैठणी', रोख द्यायचे सहाशे नव्याण्णव. मुलीनं कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मागवलेली. काका खड्ड्यातून वर आले, चष्मा पुसला आणि पाकीट फोडून साडी सरळ उलटी केली. खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. या पदराच्या पाठीमागं धाग्यांच्या झिपऱ्या लोंबत होत्या. मोर पुढून मोर होता, मागून वादळात सापडलेली कोंबडी.

"कुठून आली रे?"

मी पाकीट वाचलं. "सुरत."

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जरतार आम्ही सुरतेहूनच आणतो. आता तिकडून साडीच यायला लागली. मधला आमचाच तेवढा खर्च होता, तो वाचला म्हणायचा."

"परत पाठवायची का?" मी विचारलं.

मुलगी आतून ओरडली, "नको नको! बाबा, ही मशीनला धुता येते!"

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू वॉशिंग मशीनही मीच पोचवलं होतं. तसं ते आमच्याच कंपनीनं पोचवलेलं होतं, पण मी बोललो नाही. येवल्याच्या आणि पैठणच्या पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते घरातल्या पोरींना लागू नाही.

त्याच घरून काकांची खरी पैठणी पुण्याला जायची होती. कित्येक महिन्यांचं काम. माझ्या बॅगेत ती प्रेशर कुकरच्या शेजारी बसली, आणि मी त्या दिवशी गतिरोधकावरून इतका हळू गेलो की मागच्या सायकलवाल्यानं मला शिवी दिली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन: "चोवीस तास झाले, अजून साडी नाही! तुम्हा लोकांना काही वेगबिग आहे की नाही?" मी म्हटलं, "ताई, विणायला एवढे महिने गेले तिथं..." फोन बंद.

दुपारी खेडी. इथं पत्त्याची पद्धत वेगळी. तालुक्याच्या पालखेड कालव्याकडच्या भागात पत्ता पाण्यावर असतो: चारीवरून खाली या, मोरीपाशी वळा. ईशान्येला राजापूर-ममदापूरकडं पाण्यावरून पत्ता सांगण्याची सोय नाही, कारण उन्हाळ्यात पाणीच टँकरनं येतं. तिकडं काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे आणि हरणं पत्ता न विचारता रस्ता ओलांडतात. दोन्हीकडं एकच खूण सारखी, ती म्हणजे विजेची डीपी.

"हॅलो, कुरिअरवाला बोलतोय. कुठं यायचं?"

"डीपीपाशी या."

"डीपीपाशीच उभा आहे."

"ती नाही हो. जळालेली डीपी."

जळालेल्या डीपीपाशी गेलो तर मावशी ओसरीवर. पार्सल पुण्यातल्या मुलानं पाठवलेलं, ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर. तो मिटिंगमध्ये. मावशींनी सुनेला लावला, सुनेनं त्याला मेसेज केला, त्यानं मिटिंगमधून हळूच आकडे पाठवले, तोवर ते बाद झाले. नवे मागवले. मधल्या वेळात मी चहा, शेव, पुन्हा चहा आणि मावशींच्या गुडघ्याचा संपूर्ण इतिहास घेतला. पार्सल उघडलं, आत गुडघ्याचा पट्टा. "असला तर माझ्याकडं आहे एक," मावशी म्हणाल्या.

पण हे सगळं संक्रांतीपुढं काहीच नाही. येवल्यात पतंगाचे तीन दिवस: भोगी, संक्रांत आणि कर. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी गळ्याला उपरणं दोनदा गुंडाळल्याशिवाय आम्ही गाडीला किक मारत नाही, कारण बंदी ही मांजाला कळत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळं गाव गच्चीवर, हलकडी वाजतेय, आणि मी खाली बेल वाजवतोय. मोबाइलमध्ये पार्सल न देण्याची कारणं तयार दिलेली असतात: ग्राहक घरी नाही, पत्ता अपूर्ण, ग्राहकानं नाकारलं. 'ग्राहक वर आहे, खाली येत नाही' असं कारण नाही.

"भाऊ, ओटीपी वरूनच सांगतो!" गच्चीवरून आवाज आला. "सात, चार..."

"चार नाही, नऊ!" शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी मुद्दाम.

मग पलीकडच्या गच्चीनं पाच सांगितला. त्यांच्या पलीकडच्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. शेवटी मीच वर गेलो. ग्राहकाचे दोन्ही हात दोऱ्यात. "जरा आसारी धरा ना, मोबाइल काढतो." मी आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरली. पतंग लांब, पार कोपरगावच्या दिशेला. तेवढ्यात ऑफिसचा फोन. खांद्यानं कानाला लावला.

"कुठं आहेस?"

"डिलिव्हरीवर, साहेब."

"मग हा कसला गोंधळ?"

मी कारण शोधत होतो, तेवढ्यात शेजारच्या गच्चीनं आमचा पतंग कापला आणि अख्खी गल्ली एका सुरात माझ्या फोनमध्ये ओरडली, "वकाट!"