साडूंचा सायगॉन दिग्विजय

आमच्या साडूंना हल्ली भूक लागत नाही, शोध लागतात. भुकेला माणूस समोरच्या गाडीवर मिळेल ते खातो आणि वाटेला लागतो. साडूंचं तसं नाही. ते आधी फोन काढतात, साडेचार स्टारच्या खालचं सगळं गाळतात, उरलेल्यांपैकी कुठली गाडी उगाच डोक्यावर चढवलेली आहे यावर दोन-तीन व्हिडिओ बघतात, आणि तोवर आमच्या पोटातले कावळे ओरडून, दमून झोपलेले असतात. याच चिकाटीने त्यांनी पुण्यातली सर्वोत्तम मिसळ शोधून काढली आणि ती कोणती हे जाहीर केल्यामुळे शाळेपासूनचे मित्र गमावले. स्वदेशात असं नाव काढल्यावर परदेश ओघानेच आला.

मुंबईहून सायगॉनला थेट विमान जाऊ लागल्यापासून व्हिएतनाम म्हणजे महाबळेश्वरच्या पलीकडचं पहिलं गाव झालं आहे. (शहराचं सरकारी नाव 1976 पासून हो चि मिन्ह सिटी. तिथले लोक अजून सायगॉनच म्हणतात, आणि नामांतरावर दुसऱ्याच्या घरी जाऊन बोलावं इतके आपण त्या विषयातून मोकळे झालेलो नाही.) 2024 साली पाच लाखांच्या आसपास भारतीय तिकडे जाऊन आले. रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात, त्यामुळे चार हजार रुपये मोडले की आपला माणूस दशलक्षाधीश होतो. आणि दशलक्षाधीश झाल्याझाल्या दहा हजार डोंगांच्या, म्हणजे तेहतीस-चौतीस रुपयांच्या रोलसाठी घासाघीस सुरू करतो.

आम्ही गेलो होतो सहल कंपनीबरोबर. तिचा आचारी बरोबर होता, रात्री मसालेभात आणि मठ्ठा होता, सकाळी पोहे होते. व्हिएतनाम फक्त दुपारी, कार्यक्रमपत्रिकेतल्या 'मोकळा वेळ' या रकान्यात होतं. त्या रकान्यात साडूंनी सायगॉनमधला सर्वोत्तम ताजा स्प्रिंग रोल शोधायचं ठरवलं.

ताजा म्हणजे न तळलेला, हे त्यांनी विमानातच बजावलं होतं. तळलेला तो 'चा यो'. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर तिरका कापून शेजवान चटणीबरोबर जो देतात, त्याचा तो दूरचा, चांगल्या संस्कारांतला नातेवाईक. साडूंना हवा होता 'गोय कुऑन'. तांदळाच्या आरपार दिसणाऱ्या चकतीत तांदळाच्याच बारीक शेवया, सॅलडचं पान, पुदिना आणि आणखी दोन-तीन प्रकारचा पाला, उकडलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, आणि उभी चिरलेली कोळंबी, तिची गुलाबी बाजू बाहेरून दिसेल अशी बसवलेली. एका टोकातून हिरव्या पातीची काडी डोकावते. बुडवायला आंबवलेल्या सोयाबीनचा दाट, गोडसर सॉस, त्यावर मिरची आणि दाण्याचा कूट. दाण्याचा कूट दिसल्याबरोबर आमच्या सौ.ना त्या देशाबद्दल एकदम विश्वास वाटू लागला.

अस्सल गाडी ओळखायचे साडूंचे निकष कडक आहेत. मेनू इंग्रजीत असला की गाडी बाद. मेनूवर फोटो असले की बाद. दुसरा भारतीय बसलेला दिसला की बादच नव्हे, रस्ताही बदलायचा. आपण जिथे जाऊ तिथे आपल्यासारखं कुणी असू नये, एवढी एकच अपेक्षा आपल्यासारख्या सगळ्यांची असते. शिवाय बसायला प्लास्टिकचं बुटकं स्टूल हवं, जमिनीपासून जेमतेम फूटभर. घरी सत्यनारायणाला पाटावर बसायचं म्हटलं की साडूंना गुडघ्याचे एक्स-रे आठवतात. सायगॉनला मात्र ते त्या स्टुलावर बसले, गुडघे कानांना लागले, आणि चेहऱ्यावर समाधान असं की जणू ऑपरेशन झालं.

या स्टुलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांचा इतिहास मोठा आहे. 2017 साली शहरातल्या तेव्हाच्या डिस्ट्रिक्ट वनचे उपाध्यक्ष दोआन न्गॉक हाय यांनी फुटपाथ मोकळे करायची मोहीम काढली. या भागाचं 'छोटं सिंगापूर' करतो, नाही जमलं तर खुर्ची सोडतो, असं ते म्हणाले. फुटपाथवर आलेल्या पायऱ्या फोडल्या, गाड्या उचलल्या, टीव्हीवर सगळं छान दिसलं. पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा देऊ केला. मग 1 जुलै 2025 ला सरकारने देशभरातली डिस्ट्रिक्ट ही पातळीच रद्द करून टाकली. म्हणजे फुटपाथ मोकळा करणारे साहेब गेले, साहेबांचं ऑफिस गेलं, ऑफिसचा डिस्ट्रिक्ट गेला. स्टूल तिथेच आहे. आपल्या महापालिकांच्या अतिक्रमण विभागांनी एकदा जाऊन बघून यावं. अभ्यासदौरा म्हणून सहज मंजूर होईल.

निकषांनी भागेना तेव्हा साडूंनी मिशलिन काढलं. ही मुळात टायरची कंपनी. 1900 साली फ्रान्समध्ये तिने गाइड छापलं ते लोकांनी मोटारी काढून लांब लांब जावं आणि टायर झिजवावेत म्हणून. 2023 च्या जूनमध्ये हे गाइड हनोई आणि हो चि मिन्ह सिटीत आलं, चार रेस्टॉरंटांना एकेक स्टार देऊन गेलं, आणि स्वस्तात चांगलं देणाऱ्या ठिकाणांची वेगळी यादीही करून गेलं. कंपनी त्या देशात नवखी नव्हती. फ्रेंच राजवटीत तिचे तिथे रबराचे मळे होते, आणि 1930 च्या फेब्रुवारीत फू रिएंगच्या मळ्यावर मजुरांनी केलेला संप तिथल्या इतिहासात मानाने सांगितला जातो. आजोबांनी काढलेल्या चिकाचे टायर झाले. आता नातीच्या शेवयांना मार्क मिळतात. हे मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, ''इतिहास कशाला काढताय? मिशलिनची लाल पाटी कुठे दिसते का ते बघा.''

लाल पाटीच्या दुकानात रांग होती. रांगेत आमच्याच सहलीतले चौघे होते. साडूंनी रस्ता बदलला.

वाटेत त्यांनी हनोईचा विषय काढला. तिथल्या बुन चा हुओंग लिएन या साध्या हॉटेलात 2016 च्या मे महिन्यात बराक ओबामा आणि टीव्हीवर जगभरचं खाणं दाखवणारा अँथनी बोर्डेन प्लास्टिकच्या स्टुलावर बसून जेवले होते. बिल झालं सहा डॉलर, ते बोर्डेनने दिलं. हॉटेलवाल्यांनी नंतर ते टेबल, ताटल्या-बाटल्यांसकट, काचेच्या पेटीत बंद केलं आणि मेनूवर 'कॉम्बो ओबामा' आणला. त्यात सीफूडचा तळलेला रोल आणि बिअरही येते. ''तिथे बसून खायला काय मजा येईल!'' साडू म्हणाले. तिथे बसता येत नाही, म्हणूनच काच लावलीय, असं मी म्हटलं. ते क्षणभर गप्प झाले, पण हिरमुसले नाहीत. ज्या टेबलावर कुणालाच जेवता येत नाही ते टेबल यादीत सर्वांत वर असणार, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं.

दुसऱ्या दिवशी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात 'राइस पेपर अनुभव' होता. अनुभवाला वेगळे पैसे. उकळत्या भांड्यावर फडकं ताणून बांधलेलं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने गोल पसरायचं, झाकण ठेवायचं, जराशाने बांबूच्या पट्टीवर अलगद उचलून बांबूच्या जाळीवर वाळत घालायचं. आपल्या तांदळाच्या फेण्यांसारखंच. साडूंची आई दर चैत्रात गच्चीवर फेण्या घालायची आणि कावळे हाकायला साडूंना बसवायची. साडू काठी टाकून क्रिकेटला पळायचे. तेच साडू इथे शंकूसारखी टोपी घालून, पैसे भरून पीठ पसरत होते. पहिली चकती फाटली, दुसरी चिकटली, तिसरीचा फोटो निघाला आणि त्याखाली ओळ पडली : 'मुळांकडे परत'. मुळं नेमकी कुणाची, हे विचारायचं मी टाळलं. त्या बाईंना मात्र त्यांनी एक सूचना केली, की पीठ जरा जाड ठेवा. बाई हसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हे दोन देशांच्या संबंधांसाठी बरंच झालं.

आता या रोलची खरी गोम. भिजवलेली चकती थोडाच वेळ मऊ राहते. गुंडाळून उघडी ठेवली की वातड होते, आतल्या शेवया कोरड्या पडतात, पाला मान टाकतो. म्हणून ज्या गाडीवर मावशी (तिथेही गाडीवालीला मावशीच म्हणतात) गिऱ्हाईक आल्यावर चकतीला पाण्याचा हात लावते आणि तुमच्यादेखत गुंडाळते, तिथला रोल चांगला. एवढंच शास्त्र. आता अशी गाडी कुणीतरी यादीत घालतो. मग रांग लागते. रांगेला पुरे पडायचं म्हणून मावशी सकाळपासून गुंडाळायला बसते आणि काचेच्या कपाटात थप्पी रचून ठेवते. पुण्यामुंबईहून गेलेला पाहुणा दुपारी तीन वाजता त्या थप्पीतला तळचा रोल चावतो. दातांना चिवट लागतो, पण यादीत नाव आहे म्हटल्यावर दोष दातांचाच असणार. तो पाच स्टार देतो. रांग आणखी वाढते, थप्पी आणखी उंच होते. यादी करणाऱ्यांनी ज्या कारणासाठी गाडी निवडली ते कारण यादीनेच मारलं, आणि तरी यादी चुकत नाही, कारण चव आता कुणी बघतच नाही. साडूंनी अशा थप्प्या एका बाजूने खात आणल्या आणि प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून 'टेक्श्चर' म्हणाले.

सायगॉनकरांचं वागणं याहून गावंढळ. दुपारी तीन-चारच्या सुमाराला ऑफिसातल्या मुली स्कूटर फुटपाथला टेकवतात, हेल्मेटही काढत नाहीत, रोल पिशवीत, सॉस छोट्या पिशवीत गाठ मारून घेतात आणि जातात. फोटो नाही, काही नाही. साडूंना हे पाहवेना. त्यांनी एकीला थांबवून भाषांतराच्या अॅपमधून विचारलं, ''ही गाडी शहरात सर्वोत्तम आहे असं आपल्याला का वाटतं?'' मुलीने बराच विचार केला आणि फोनमध्ये काहीतरी बोलली. फोन म्हणाला, ''ही माझ्या ऑफिसजवळ आहे.''

सहलीतल्या शाकाहारी काकांची कथा निराळी. बौद्ध रिवाजाने तिथले बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात, त्यामुळे टोफूचे रोल करणारी चोख शाकाहारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. काका अमावास्या-पौर्णिमेचं गणित पंचांगात बघून अशा दुकानात गेले. तिथे टोफू आणि सोयाचं मांस इतकं हुबेहूब करतात, की काकांनी पहिला घास घेतला, चव आवडली, आणि आवडली म्हणूनच संशय आला. उरलेली सहल त्यांनी भडंगावर काढली.

आम्ही दोघे शहर पालथं घालत असताना आमच्या दोघांच्या सौ., सख्ख्या बहिणी, कुठल्याशा चौकात बसून पोटभर रोल खाऊन आल्या होत्या. मावशीने त्यांना गुंडाळायलाही शिकवलं होतं.

साडूंचा चेहरा पडला. ''अगं, कुठे? पिन टाकलीस का?''

''पिन कशाला?'' साडूंच्या सौ. म्हणाल्या, ''काही फाटलंय का?''

''बरं, रोल कसा होता?''

''छान होता.''

''छान म्हणजे दहापैकी किती?''

''आम्ही दोन-दोन खाल्ले.''

साडूंनी त्यानंतर चौक न् चौक पिंजून काढला आणि अखेर एका गल्लीत, यादीत नसलेल्या, फोटो नसलेल्या गाडीवर मावशीने समोर गुंडाळून दिलेला रोल त्यांना मिळाला. तो खाताना ते चक्क बोलले नाहीत. मीही नाही. मग त्यांनी हात पुसले आणि अभिप्राय लिहिला : 'चव अप्रतिम. पण ऑर्डर दिल्यानंतर करायला घेतात, त्यामुळे वेळ लागतो. बसायची सोय सुधारायला वाव आहे. साडेतीन स्टार.' खाली नकाशा जोडला, आणि तो सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या आणि सासरच्या ग्रुपवर टाकला.

सहल कंपनी सासरच्या ओळखीतलीच असल्यामुळे तो योग्य ठिकाणी पोचला. पुढच्या दिवाळीच्या सहलीची पत्रिका परवाच हाती आली. सायगॉनच्या पानावर छापलं आहे : 'दुपारी 4:10 ते 4:35, स्थानिकांच्या गुप्त गाडीवर उत्स्फूर्त खाणे. बस गल्लीच्या तोंडाशी थांबेल. 42 रोल आधी सांगून ठेवलेले आहेत. जैन पर्याय उपलब्ध. पाठदुखी असणाऱ्यांनी खुर्चीसाठी आगाऊ कळवावे.'