मार्गदर्शकाने बसायचं कुठे?

लेखनातून मनाच्या जखमा भरून देणाऱ्या कार्यशाळा हल्ली शनिवार-रविवारी भरतात. जाहिरातीत दोन वचनं हमखास असतात: तुमचा लेखनाचा सूर तुम्हाला सापडेल आणि तुमचं दुःख हलकं होईल. चहा-नाश्ता धरून. यातलं कोणतंही एक वचन मला पटतं. पण दोन्ही एकाच माणसाने एकाच सकाळी पुरी करायची म्हटली, की पंचाईत होते. दुःख हलकं व्हायला कुणी वाचत नाहीये याची खात्री लागते आणि सूर सापडायला कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. म्हणून आपण खोलीत कधी नसावं हे ओळखणं, हे मार्गदर्शकाचं अर्धं कौशल्य आहे. फी मात्र त्याने पूर्ण घ्यावी. समोर कुणीतरी चुकीचं लिहीत असताना गप्प बसण्याचे कष्ट मराठी माणसाला वेगळे सांगायला नकोत.

पुरावा अमेरिकेतला आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली ४६ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं. काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या प्रसंगाबद्दल, काहींनी किरकोळ विषयांवर. ज्यांनी क्लेशाची घटना आणि त्या वेळची भावना दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत घटल्या. लिहून उठल्याबरोबर मात्र त्यांचा रक्तदाब वाढलेला आणि मन अधिक खिन्न होतं. हा तपशील जाहिरातीत कधी येत नाही. पेनेबेकर यांच्या पद्धतीत लिहिणाऱ्याला शुद्धलेखनाची फिकीर करू नको, असं सांगितलं जातं. आपल्याकडे नुसतं सांगून भागणार नाही. बापाने जन्मभर केलेली उपेक्षा कागदावर उतरवताना ‘दुःखी’तली वेलांटी पहिली की दुसरी, या शंकेने डोळ्यांतलं पाणी थबकावं, इतकं आपल्या शाळांनी आपल्याला घडवलेलं आहे. अशा वेळी शेजारी लाल पेन घेतलेला मार्गदर्शक बसला, तर जखम राहते बाजूला आणि वेलांटी तेवढी बरी होते.

यावर कुणी म्हणेल, मग मार्गदर्शक हवाच कशाला? बेबी कांबळे यांच्याकडे पाहावं. फलटणला दुकान सांभाळत त्यांनी आत्मकथन लिहिलं आणि घरच्यांपासून ते कित्येक वर्षं लपवून ठेवलं. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्याचा पत्ता लागला, तेव्हा त्यांनी छापण्याचा आग्रह धरला. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग पुस्तकरूपाने लोकांसमोर आलं. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांनी त्या छापायलाच लावल्या. ज्या गृहस्थाने ‘झेंडूची फुले’ लिहून भल्याभल्या कवींची रेवडी उडवली, त्याने इथे फक्त हट्ट केला. मार्गदर्शन दोन्हीकडे झालं, पण ते लिहून झाल्यावर, आणि ‘छापा’ एवढंच.

आता दुसरा आक्षेप. २००६ साली अशा १४६ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा सरासरी फायदा खरा पण लहानसाच निघाला. कबूल. वही-पेनाच्या खर्चात लहानसा फायदाही परवडतो. रिसॉर्टच्या भाड्यात तो बसवणं अवघड. शिवाय फार खोल घाव असेल तर त्याला डॉक्टरच हवा. तिथे ‘अजून आत उतरा, अजून आत’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकालाच आधी वर काढावं. पेनेबेकर यांना पुढे असंही आढळलं, की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ जास्त झाला. तेव्हा घड्याळ लावावं, दार ओढून घ्यावं, आणि लिहिणाऱ्याने आपण होऊन वही पुढे केलीच तर ‘का बरं?’ एवढं विचारावं. सुराचं काम त्यानंतरचं. स्वतःच्या घटस्फोटाची हकिगत पु. लं.च्या मिश्कीलपणात किंवा जी. एं.च्या काळोखात लिहिली गेली असेल, तर ती उसनवारी लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. तिथे खूण करणारा माणूस लागतोच आणि तो कडक असलेला बरा.

राहतं ते समारोपाचं जाहीर वाचन. प्रत्येकाने उभं राहून आपलं दुःख वाचायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही प्रथा पहिल्यांदा बंद करावी. ज्याच्या दुःखाला जास्त टाळ्या पडतात, त्याला पुढच्या शनिवारी ते थोडं वाढवून आणावंसं वाटतं. आणि ज्याला कमी पडतात, तो येताना आणलेलं दुःख तसंच ठेवून त्यात एक नवं घालून घरी जातो.