फ्रिजचा तीव्र मध्यम

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, गुडघे बदलून घेतात किंवा सोसायटीच्या कमिटीत शिरतात. मी अल्बम काढायचं ठरवलं. फार काही नाही, एक बडा ख्याल, त्याला जोडून छोटा ख्याल आणि शेवटी चवीला भजन. तबल्याला पुढच्या गल्लीतला एक होतकरू मुलगा मिळाला. माइक भाच्याचे होते, कारण त्याने साउंडचा कोर्स केला होता आणि मामाला नाही म्हणण्याइतका तो अजून मोठा झाला नव्हता. घोडं अडलं ते जागेपाशी.

स्टुडिओचं भाडं तासावर. आमचा विलंबित एकताल बारा मात्रांचा, एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. म्हणजे एक आवर्तन सरायला जवळजवळ मिनिट लागतं. समोर काच, काचेपलीकडे भिंतीवर घड्याळ. समेवर येईपर्यंत माझा आवर्तनाला किती रुपये पडले याचा हिशेब चोख झालेला असे. बंदिशीचा मुखडा चुके, हिशेब चुकत नसे. मंद्र सप्तक तर मी खर्चकपातीत गाळूनच टाकलं. आलाप एवढ्यात कसा संपला, असं तबल्यावरच्या पोराने विचारलं, तेव्हा स्टुडिओचा नाद सोडला.

भाच्याला मी इतिहास ऐकवला. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं हॉटेलच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलं. तिला हॉटेलची खोली चालते, मग मला आमचा हॉल का चालू नये?

“मामा, तेव्हा भोंग्यात तोंड घालून गायचे,” भाचा म्हणाला. “भोंगा बहिरा होता. खोलीत दुसरं काय चाललंय ते त्याला ऐकूच जायचं नाही. माझा माइक पाल चुकचुकली तरी उचलतो.”

पाल परवडली. आमचा फ्रिज गायला लागला. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि फ्रिजची गुणगुण त्याच्या दुप्पट, 100 कंपनांची. ही जागा पांढरी पाचच्या किंचित वर येते. मी गातो काळी एकमध्ये. काळी एकला सा धरला की पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. मी भूप लावला होता. भूपात मध्यमच नाही. फ्रिजने तो अखंड, न चुकता, माझ्यापेक्षा स्थिर लावला आणि भूपाची वाटचाल शुद्ध कल्याणाकडे सुरू झाली. “मग यमन गा ना,” भाचा म्हणाला. गायलो असतो, पण फ्रिज जरासा चढा होता. शेवटी बटण बंद केलं. बडा ख्याल संपेपर्यंत फ्रीजरमधल्या आमरसाचंही विलंबित सुरू झालं होतं. “अहो, अल्बम काढा नाहीतर काही काढा, फ्रिजला हात लावायचा नाही,” असा आदेश निघाला.

मग मला मंगल कार्यालय सुचलं. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालयं ओस पडतात, भाडं खाली येतं. मॅनेजरने खरोखरच अगदी नाममात्र पैशांत हॉल दिला. इतका स्वस्त का, हे मी विचारलं नाही. चातुर्मास म्हणजे पावसाळा आणि हॉलवर पत्रा, ही सांगड विलंबिताच्या दुसऱ्या आवर्तनात आपोआप जुळली. आमचा एकताल चालला होता, छपरावर द्रुत तीनताल. पोराने तबला थांबवला, पाऊस थांबला नाही. मॅनेजर छत्री झटकत आत आला आणि म्हणाला, “काका, मल्हार घ्या की! आयती साथ आहे.” मागच्या मुदपाकखान्यात कुणाच्यातरी डोहाळजेवणाची पातेली घासणं चालू होतं. तीही साथ आयतीच.

फुकट जागा हवी तर देऊळ. गावाबाहेरचं जुनं, दगडी, भाविकांना विसर पडलेलं. षड्ज लावला आणि अंगावर काटा आला. असा आवाज मला देवाने आजवर कधी दिला नव्हता. पण दगड ऐकलेलं लवकर विसरत नाही. पहिली तान घुमतेय तोवर दुसरी आली, तिच्यात तिसरी मिसळली, आणि रागाची पंचामृतासारखी गत झाली. सगळे स्वर पोटात, वेगळा एकही नाही. शिवाय रेकॉर्डिंगची बातमी गावात पसरली आणि विसरलेल्या भाविकांना देव आठवला. येणारा प्रत्येकजण आधी घंटा वाजवी. घंटा काळी एकमध्ये नव्हती.

तेव्हा भाच्याने मला सॅबाइनची गोष्ट सांगितली. वॉलेस सॅबाइन हा हार्वर्डचा तरुण प्राध्यापक. 1895 साली तिथल्या फॉग संग्रहालयातलं एक व्याख्यानगृह त्याच्या गळ्यात मारण्यात आलं. आवाज इतका घुमे की वक्त्याचं कुणाला काही कळत नसे. हा गृहस्थ रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या बसायच्या गाद्या उचलून आणी, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवी. त्यातून ध्वनिशास्त्राचं सूत्र निघालं आणि पुढे 1900 साली बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, असंही त्याला आढळलं.

“मग नातेवाइकांनाच बसवू,” मी म्हणालो.

“नातेवाइकांना चहा लागतो,” आतून आवाज आला. “गाद्यांना लागत नाही.”

आमच्या ओळखीत एक गादीवाले आहेत. दुकानाच्या माळ्यावर छतापर्यंत कापसाच्या गाद्यांच्या चळती, मध्ये चटईपुरती जागा. भाडं शून्य. बदल्यात अल्बमवर दुकानाचं नाव. वर गेलो आणि कानात बोळे घातल्यासारखं झालं. रस्ता नाही, फ्रिज नाही, पाऊस नाही, घंटा नाही. बडा ख्याल, छोटा ख्याल, भजन, सगळं एका बैठकीत झालं. माझ्या मते उत्तमच.

भाच्याने ऐकवलं. घुमणारा दगड नव्हता, की चुकलेली जागा झाकायला पावसाची सर नव्हती. होतो तो फक्त मी. गंधार कुठे बसला होता, धैवत कुठवर पोचून परत फिरला होता, तानेत श्वास कुठे संपला होता, सगळं लख्ख. स्वस्त जागांना मी उगाच नावं ठेवत आलो होतो. बिचाऱ्यांनी मला किती सांभाळून घेतलं होतं!

गादीवाल्यांनी कानावरचा हेडफोन काढला. “आवाज एकदम स्वच्छ येतोय हं काका,” ते म्हणाले. “मग आता गाणं कधी करताय?”

तबलजी तबला गवसणीत घालू लागला. मी भाच्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “तुझ्या लॅपटॉपात पत्र्यावरचा पाऊस मिळतो का रे?”