पाच परवानग्यांचे पुस्तक

पुस्तक छापण्याआधी धर्मपीठाची मंजुरी घेण्याची कॅथॉलिक पद्धत छापखान्याच्या पाठोपाठच जन्मली. १५१५ मध्ये पोप दहावे लिओ यांनी ती साऱ्या ख्रिस्ती जगाला लागू केली. तपासणी विनामूल्य आणि विनाविलंब व्हावी, असे फर्मानात स्पष्ट म्हटले होते. फर्माने अशीच लिहायची असतात. विनापरवाना छापणाऱ्याची पुस्तके जाळायची, छापखाना वर्षभर बंद ठेवायचा, त्याला धर्मबहिष्कृत करायचे आणि वर १०० डुकाट दंड घ्यायचा, अशी शिक्षा होती. दंडाची रक्कम रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामाकडे वळती होई. पाखंडी मुद्रकालाही अशा रीतीने पुण्यकार्याला हातभार लावता येई.

कार्यपद्धती सोपी आहे. तपासनीस हस्तलिखित वाचून ‘निहिल ऑब्स्टाट’, म्हणजे हरकत नाही, असा शेरा मारतो. त्यावर बिशप ‘इंप्रिमातुर’, म्हणजे छापावे, असा हुकूम देतो. लेखक एखाद्या धर्मसंघाचा असल्यास संघप्रमुखाची तिसरी संमतीही लागते. वाचणारा एक आणि हुकूम देणारा दुसरा, ही विभागणी कोणत्याही कचेरीला चटकन पटावी.

या पद्धतीचा सर्वांगसुंदर नमुना म्हणजे गॅलिलिओचा दोन विश्वरचनांवरील ‘संवाद’. रोममधले मुख्य तपासनीस रिकार्दी यांनी हस्तलिखिताचे घोडे महिनोन्‌महिने अडवून धरले. दरम्यान प्लेगमुळे वाहतुकीवर निर्बंध आले आणि रोमला केवळ प्रस्तावना व समारोप पाठवावा, मधला भाग फ्लॉरेन्समध्ये तपासावा, असे ठरले. पृथ्वी फिरते की नाही, हा वाद नेमका मधल्या भागात होता. फेब्रुवारी १६३२ मध्ये पुस्तक बाहेर पडले, ते रोम आणि फ्लॉरेन्समधल्या एकूण पाच मंजुऱ्या मिरवत.

काही महिन्यांतच विक्री थांबवण्याचा हुकूम निघाला. पोप आठवे अर्बन यांचा लाडका युक्तिवाद पुस्तकात सिंप्लिचिओ या बावळट पात्राच्या तोंडी होता आणि तो पाचही सह्यांच्या नजरेतून निसटला होता. मग शोध कसून सुरू झाला. मुखपृष्ठावर एकमेकांची शेपटी तोंडात धरलेले तीन डॉल्फिन होते. त्यांचा गर्भितार्थ काय, याचीही चौकशी झाली. ते मुद्रक लांदिनी यांचे नेहमीचे चिन्ह निघाले. पाच परवानग्यांचे काय, या प्रश्नाला निकालपत्रात उत्तर होते: पृथ्वी फिरते हे मत सोडून देण्याची १६१६ मध्ये मिळालेली ताकीद लपवून लेखकाने परवानगी धूर्तपणे उकळली. २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. रिकार्दी मात्र १६३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर होते.

‘संवाद’ चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला आणि त्यातून १८३५ मध्ये वगळला गेला. खुद्द यादीचा अंमल १९६६ मध्ये संपला. पूर्वमंजुरी अजून आहे. बायबलच्या आवृत्त्या, प्रार्थनापुस्तके आणि धर्मशिक्षणाची पाठ्यपुस्तके यांना ती आजही घ्यावी लागते. दिलेली मंजुरी परतही घेतली जाते: १९६७ पासून लाखोंनी खपलेल्या ‘ख्राइस्ट अमंग अस’ या अमेरिकी पुस्तकाची मंजुरी १९८४ मध्ये रोमच्या सांगण्यावरून काढून घेण्यात आली. लाखो वाचकांनी वाचलेले कसे काढून घ्यावे, याची तरतूद नियमात नाही. सही करणाऱ्यांसाठी मात्र तरतूद आहे. मंजुरी देणारे मजकुराशी सहमत आहेत असा अर्थ काढू नये, असा खुलासा अनेक पुस्तकांत मंजुरीच्या खालीच छापलेला असतो.